भांडणाचा सराव

खालचीने रिकामी बादली जिन्याच्या मधल्या पायरीवर दाणकन आपटली आणि कान वर लावून उभी राहिली. वरून काहीच आलं नाही. तिने बादली उचलली, पुन्हा आपटली आणि आवाज चढवला.

"कपडे पिळायला हात झिजतात का कुणाचे? सगळं पाणी माझ्या चादरींवर! दुसऱ्याच्या डोक्यावर धबधबा सोडायचा आणि आपण मजेत राहायचं!"

वरच्या दोरीवर त्या दिवशी एकही कपडा नव्हता. खालच्या दोरीवरही नव्हता. दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेल्या तिच्या नवऱ्याने चष्म्यावरून आधी बायकोकडे पाहिलं, मग दोन्ही दोऱ्यांकडे पाहिलं आणि गुपचूप पान उलटलं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पाठोपाठ घशात अडकलेलं काहीतरी, अर्धवट, ओढून आणल्यासारखं. खालचीने श्वास रोखून धरला.

"कै..." वरून आलं. "कै... कैदाशीण!"

अख्खा शब्द. काना-मात्रेचीही मोडतोड नव्हती. धारही पूर्वीचीच.

खालची होती तिथेच पायरीवर बसली आणि तिने बाहीने तोंड दाबून धरलं. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते नवऱ्याला कळेना. पेपर ठेवून तो जिन्याशी आला.

"काय झालं गं?"

"बोलल्या," ती म्हणाली. "अहो, तुमच्या वहिनी बोलल्या. मला कैदाशीण म्हणाल्या."

घर दोन मजली, जिना एकच. वर थोरली जाऊ, खाली धाकटी. गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. वरची आणि खालची, एवढंच. थोरले दीर गेल्यापासून वरची एकटीच राहत होती. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिची सगळी नोकरी झाली होती आणि तिच्या आवाजाला साहेबलोकही दबून असत, असं ती स्वतःच सांगायची. खालची बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. फ्रेममध्ये काचा बसवायच्या, ढिले स्क्रू आवळायचे, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट टेकतो का ते पाहायचं. दोघींचं पहिलं भांडण कशावरून झालं हे विचारलं असतं, तर दोघींनी दोन वेगळी कारणं सांगितली असती आणि बहुधा दोन्ही खरी निघाली असती. आता कारण लागतही नसे. सकाळी जिन्यात एक फेरी व्हायची, संध्याकाळी कपडे काढताना दुसरी. एकमेकींसमोर त्या कधी उभ्या राहत नसत. जे काही असेल ते जिन्यातून वर जायचं आणि जिन्यातून खाली यायचं. खालचीचा नवरा इतकी वर्षं यात कुणाचीही बाजू न घेता टिकून राहिला होता, आणि ते काही येरागबाळ्याचं काम नव्हतं.

वरचीला अर्धांगाचा झटका आला त्या सकाळीही खालचीने नेहमीसारखा एक टोमणा वर सोडला होता. उत्तर आलं नाही. तिने आणखी एक सोडला, जरा झोंबणारा. तरी नाही. मग हातातलं काम टाकून ती जिना चढली. दार नुसतंच लोटलेलं होतं. वरची कपडे धुण्याच्या मशीनला टेकून जमिनीवर बसली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर परक्याचा ठेवून दिल्यासारखा. डोळे मात्र टक्क जागे होते आणि खालचीवर रोखलेले होते.

"वेळेत आणलंत," डॉक्टर नंतर म्हणाले.

जीव वाचला. पाय हळूहळू सावरला, हात अर्धामुर्धा परत आला. शब्द तेवढे आले नाहीत.

"कळतं त्यांना सगळं," डॉक्टरांनी समजावलं होतं. "काय म्हणायचं तेही डोक्यात असतं. ते तोंडापर्यंत पोचत नाही. वाचाघात म्हणतात याला."

आणि खाटेवरून त्यांच्याकडे रागाने पाहत वरची म्हणाली होती, "तो... तो तो तो." सगळ्याला तिच्याकडे तेवढंच उत्तर उरलं होतं. 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द मधूनच तोंडातून पडायचे, पण त्यांचा काही भरवसा नसे. मान नाही म्हणून हलायची आणि तोंड हो म्हणायचं.

मुलगा धावत आला होता. लांबच्या शहरात त्याची नोकरी, बायको, घर. आईपाशी राहता येईल तेवढं तो राहिला, दिवसाच्या वेळेसाठी एक बाई लावून दिली, आणि निघायच्या आदल्या दिवशी खाली येऊन बसला.

"काकू, परत येईन तेव्हा तिला घेऊनच जाईन म्हणतो. एकटी कशी ठेवू?"

"एकटी कुठेय? मी आहे ना खाली."

त्याने काकूकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी छताकडे पाहिलं.

"काकू, राग मानू नकोस. पण तुमचं दोघींचं पटत नाही."

"पटायला कशाला पाहिजे?" खालची म्हणाली. "कपडे धुवायला, औषध द्यायला, हात धरून चालवायला पटावं लागतं का? आणि तिला विचारलंस का, कुठे राहायचंय ते?"

"विचारलं. हो म्हणाली."

"कशाला हो?"

मुलगा वाईट नव्हता. तो आणि खालची मिळून हॉस्पिटलच्या समाजसेविकेकडे गेले. ती वयस्कर, सावकाश बोलणारी बाई होती. तिने दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही परत याल तेव्हा आपण सगळे बसू. तोवर त्यांना स्वतःचं म्हणणं कुठल्याही रीतीने, पण नक्की सांगता आलं, तर त्यांचंच खरं. नाही आलं, तर मुलगा म्हणून तुम्ही ठरवा.

घरी आल्यावर खालची नवऱ्याला एवढंच म्हणाली, "बोलत्या करते बघा."

पण दवाखान्यात दाखवलेली कप, कंगवा, किल्ली यांची चित्रं पाहून वरची तोंड फिरवायची. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट तरुण होती आणि चिवट होती. एक दिवस तिने चित्रं बाजूला ठेवली आणि खालचीला विचारलं, "आजारी पडायच्या आधी त्या रोज काय म्हणायच्या? सवयीचं काहीतरी. गाणं, अंक, एखादी प्रार्थना. तोंडात बसलेलं असतं ना, ते कधीकधी आपोआप बाहेर येतं."

खालचीने बराच विचार केला.

"गाणी नाही हो. प्रार्थनाही फारशी नाही." मग जरा चाचरत ती म्हणाली, "आम्ही भांडायचो."

थेरपिस्टचा हात टेबलावर थांबला. "रोज?"

"सुट्टी नाही."

"मग भांडून बघा," थेरपिस्ट म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती.

बादलीची हकीकत अशी होती.

कैदाशीण आली आणि पाठोपाठ बाकीची वऱ्हाडी मंडळी आली. भवानी आली, आगलावी आली, एकदा तर 'तोंड बघ आरशात' असं अख्खंच्या अख्खं आलं. खालची प्रत्येक शिवी कानात साठवून दवाखान्यात जायची आणि थेरपिस्टला तोंडपाठ म्हणून दाखवायची. बाहेर बाकावर बसलेले रुग्ण दाराकडे चमकून बघत.

"छान आहे," थेरपिस्ट म्हणाली. "पण हे आपोआप येतंय. आता निवडून एक शब्द यायला हवा. हो-नाही विचारू नका, त्यात त्यांचा गोंधळ होतो. दोन गोष्टी समोर ठेवा, त्यातली एक त्यांना म्हणू दे. आणि वाट बघा. वाट बघणं सगळ्यात कठीण."

खालचीला हे ऐकून बरं वाटलं. दुकानात डोळे तपासताना हेच तर चालायचं. ही काच बरी की ती? आता ती बरी की ही? माणूस घाईने काहीतरी बोलून मोकळा होतो, आणि मग चष्मा घेऊन परत येतो. थांबावं लागतं.

दुकानातून आली की ती वर जाऊ लागली. दिवसाची बाई निघून गेलेली असायची. खालची स्टूल ओढून वरचीसमोर बसायची. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच एकमेकींचा चेहरा जवळून पाहत होत्या, आणि दोघींनाही त्याची सवय नव्हती.

"चहा की पाणी?"

"तो तो..."

"चहा की पाणी, जाऊबाई?"

वरचीचे ओठ जुळायचे, सुटायचे. कपाळावर घाम यायचा. खालची हात मांडीखाली दाबून बसायची, नाहीतर तेच हात पुढे होऊन कप उचलून देतील अशी तिला भीती वाटायची. कधी शब्द यायचा नाही. मग दोघींनाही चहा नाही, पाणी नाही.

"खिडकी उघडी की बंद?"

"..."

"दिवा लावू की राहू दे?"

"..."

"बरं, मी बसू की जाऊ?"

वरचीने मान वर केली. डाव्या हाताने गुडघा घट्ट पकडला.

"जा," ती म्हणाली.

स्वतः निवडलेला तो तिचा पहिला शब्द. खालची उठली, निमूटपणे जिना उतरून खाली आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "हाकललं मला. चांगलं ठणठणीत हाकललं." त्या संध्याकाळी तिने त्याला दुसऱ्यांदा चहा करून दिला, तोही न मागता.

मग 'बस' आलं. 'बंद' आलं. 'चहा' फार उशिरा आला, त्याआधी 'साखर' आलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात. सकाळचं भांडण मात्र चालूच होतं. दुकानाला निघताना खालची जिन्यात उभी राहून एखादा खडा टाकायची आणि वरून गोटा येईपर्यंत चप्पल घालायची नाही.

सगळेच दिवस असे नव्हते. एका संध्याकाळी वरचीला मुलाचं नाव येईना. रोज घेतलेलं नाव, पोटच्या पोराचं. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि भलताच शब्द आला, 'साखर.' पुन्हा साखर. पुन्हा. तिने समोरची बशी हाताने उडवली. बशी भिंतीवर फुटली.

"एकदा अजून," खालची म्हणाली. "म..."

वरचीने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओघळलेल्या बाजूने हनुवटीवर गेलं. खालचीने तुकडे गोळा केले. तिच्या लक्षात आलं की आपण गुरासारखं हाकतोय हिला. पण थांबली असती तर काय झालं असतं, तेही तिला दिसत होतं. ती खाली आली आणि एका फ्रेमचा स्क्रू आवळत बसली. फ्रेम घरचीच होती, आणि स्क्रू ढिला नव्हता.

"वहिनींना राहायचंय का इथे, ते तरी विचारलंस का?" नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने या विषयात तोंड घातलं ते पहिल्यांदाच.

"विचारता यावं म्हणूनच तर चाललंय सगळं."

"आणि जाते म्हणाल्या तर?"

"नाही म्हणायच्या." स्क्रूड्रायव्हर घसरला. "स्वतःचं घर सोडून कोण जातं?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. वरची खुर्चीत वाट बघत बसली होती. स्टूल तिने आधीच समोर ओढून ठेवलं होतं, डाव्या हाताने.

मुलगा आला त्या आठवड्यात वरची छोटे छोटे शब्द नीट बोलत होती. शब्दाला शब्द मात्र जोडला जात नव्हता. दोन आले की मधला सांधा निखळायचा. तरी दोनांतून एक सांगायला ती चुकत नव्हती. थेरपिस्टने उलटसुलट विचारून खात्री केली होती.

समाजसेविकेच्या खोलीत टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडल्या होत्या. थेरपिस्ट एका बाजूला बसली. मुलगा आईच्या शेजारी, खालची समोर. खालचीने दुकानातून सुट्टी घेतली होती आणि ठेवणीतले कपडे घातले होते.

"घाई नाही," समाजसेविका वरचीला म्हणाली. "आपल्याकडे वेळ आहे. मला सांगा, तुम्हाला इथे राहायचंय, की मुलाकडे जायचंय?"

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. खालचीने हात मांडीखाली घेतले.

"जाते," वरची म्हणाली.

मुलाने मान वर केली. खालची पुढे झुकली.

"उलट झालं त्यांचं. होतं असं. 'राहते' म्हणायचं होतं, शेवटचं ऐकलं तेच म्हणून गेल्या. उलटं विचारा."

समाजसेविकेने थेरपिस्टकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"मुलाकडे जायचंय, की इथे राहायचंय?"

"जा... ते."

"दमल्यात त्या," खालची म्हणाली. तिचा आवाज जिन्यातल्यासारखा चढला होता. "सकाळपासून बसल्यात. मुलगा शेजारी असला की कुणीही असंच म्हणेल. मी विचारते. जाऊबाई, माझ्याकडे बघा. तुमचं घर, तुमची खोली, तुमची गॅलरी..."

वरचीने डावा पंजा टेबलावर आपटला.

"गप्प!" ती म्हणाली. "मी... बोलते."

खालची मागे टेकली. वरचीने एक श्वास घेतला, दुसरा घेतला. बोट खाली, जमिनीकडे दाखवलं.

"इथे... शब्द."

तिने खालचीकडे पाहिलं. मग हात उचलून खिडकीपलीकडे, लांब कुठेतरी दाखवला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मुलाने काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा तिने त्याच्याकडे न बघताच मान जोरात हलवली. घाम कानशिलावर आला. बाहेरची ट्रॉली परत गेली.

"तिथे," ती म्हणाली, "वाक्य."

मग मुलगा हळू आवाजात सांगू लागला. त्याच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात अशा लोकांचा रोजचा वर्ग असतो. दहा-पंधरा जण एकत्र बसतात, एकमेकांशी बोलतात. त्याने चौकशी केली होती आणि फोनवर आईला सगळं सांगितलं होतं. आई नुसती ऐकून घ्यायची. "तिला काय वाटलं ते मला कसं कळणार, काकू? 'तो तो' करायची आणि फोन ठेवायची. मला वाटलं, नकोय तिला."

"मलाही नाही सांगितलं," खालची म्हणाली आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. थेरपिस्टने खाली मान घालून हसू लपवलं.

"परत कधी येणार, तेही विचारा," खालची समाजसेविकेला म्हणाली. मग तिने हात मांडीखालून काढले आणि पुतण्याकडे वळली. "हे बघ, ऐक नीट. सकाळी तिला डिवचायचं. घाबरायचं नाही. तुझ्या बायकोला म्हणावं, गोडगोड बोलून काही व्हायचं नाही. हो-नाही विचारायचं नाही. आणि शब्द अडला की तोंडात कोंबायचा नाही, कळलं? मघाशी कोंबणार होतास."

"हो, काकू."

"हो काय? काय कळलं ते सांग."

जायच्या दिवशी सकाळी खालचीने वर जाऊन बॅग भरली. औषधं वेगळ्या पिशवीत, अंथरायची चादर वेगळी. वरची खाटेच्या कडेला बसून बघत होती. दोघींत त्या सकाळी भांडण झालं नव्हतं, कुणीच सुरुवात केली नव्हती. खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा वरचीने उशीखालून दाराची किल्ली काढली आणि खालचीच्या हातात ठेवली.

"हवा," ती म्हणाली. "रोज."

"हो," खालची म्हणाली. "उघडीन खिडक्या."

जिना उतरताना वरचीने तिचा हात धरला होता, कारण कठड्याची बाजू उजवी होती. गाडीत बसल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. मान वळवायला अजून त्रास व्हायचा.

दुसऱ्या दिवशी दुकानाला जायच्या आधी खालची वर गेली. खोली बंद राहून उबट झाली होती. तिने पहिली खिडकी उघडली. समोरच्या घरातली शेजारीण गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. तिने तांब्या थांबवला आणि आवाज दिला.

"काय हो, गेल्या वाटतं वरच्या बाई? सुटलात म्हणायचं. कायमच्याच ना?"

"कायमच्या कशाला?" खालची म्हणाली. "शिकायला गेल्यात."

आणि ती दुसऱ्या खिडकीकडे वळली. तिची कडी गंजली होती. खालचीने खांदा लावला, जोर केला, आणि खिडकी उघडली.